बाबांची सायकल

‘वैद्यकीय सोडून काहीही लिहा,’ अशी संपादकांची आज्ञा झाली. म्हणून सायकलीविषयी लिहितो.

बाबा १९८२ साली इंग्लंडमधील शिक्षण संपवून बेळगावला परतले, ते बारा गिअरची रेसिंग सायकल घेऊनच. रेनॉल्ड्स ५३१ वगैरे नामांकित नळ्यांची नव्हे, साध्याच पोलादाची. २०११ साली ते गेले आणि तिचा एक स्क्रूही बदलायचा नाही, असे मी ठरवून टाकले.

हा निर्धार २०१९च्या पावसात मोडला. टिळकवाडीच्या रेल्वे गेटकडे जाताना शाळेचा एक मुलगा अचानक आडवा आला. ब्रेक करकचून दाबले, पण सायकल थांबेना. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रीम भिजली, की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. मी गटारात गेलो, मुलगा वाचला. आठवड्याने तो खोकल्यासाठी माझ्याच दवाखान्यात आला.

ॲल्युमिनियमच्या रीमा घ्यायचे ठरले आणि गुंता सुरू झाला. जुन्या २७ इंची चाकाच्या रीमवर टायर बसतो तेथील व्यास ६३० मि.मी.; आजच्या ७००-सी चाकाचा ६२२. रीम ब्रेकच्या रबरापासून ४ मि.मी. दूर गेली, म्हणून लांब हातांचे ब्रेक शोधावे लागले. मागचे चाक तर बसेचना. जागा १२६ मि.मी., नवा हब १३०चा.

‘पोलाद आहे डॉक्टरसाहेब, ऐकेल,’ कॅम्पातील वयोवृद्ध मिस्त्री म्हणाले. ‘ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला मी हात लावला नसता.’ त्यांनी दोन्ही बाजू दोन-दोन मि.मी. हळूहळू ताणल्या. मग मागच्या एका टोकाला दोरा बांधून तो हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणला आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजले. सारखे भरले. वाकड्या पावलांना दर आठवड्याला प्लास्टर घालणाऱ्या आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना ही रीत ओळखीची वाटेल.

गिअरच्या कांड्या मात्र जुन्याच, खालच्या तिरक्या नळीवर. घर्षणावर चालणाऱ्या त्या कांड्यांना मागे चकत्या किती, याचे सोयरसुतक नसते. ब्रेक आणि गिअर एकत्र असलेले हँडलवरचे खटके सोयीचे खरे; पण गिअर बदलताना बाबा वाकत तसे मला वाकायचे होते.

आईला सांगण्याचे धाडस सर्वांत शेवटी झाले.

‘ब्रेक लागले नाहीत म्हणून त्यांचेही मनगट मोडले होते,’ ती म्हणाली. ‘तू होस्टेलवर होतास. कळवू नकोस म्हणाले.’

जुनी चाके तिने गच्चीवरच्या जाईच्या वेलासाठी मागून घेतली.