सहा हजार पाय

सप्टेंबर लागला की कासच्या फुलांचे फोटो मोबाईलवर येऊ लागतात. अशाच एका फोटोच्या कोपऱ्यात रेनकोट घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई दिसली. फुलं बाजूलाच राहिली, तिचं काम पाहावं म्हणून मी साताऱ्याहून घाट चढले.

कास पठार समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर उंचीवर आहे. खाली सगळा जांभा कातळ, वर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पाण्याने सत्त्व धुऊन नेलेल्या या मातीत सीतेची आसवं नावाची फुलझाडं उगवतात. जमिनीखालच्या इवल्याशा फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून ती पोट भरतात. दर सात वर्षांनी फुलणारी टोपली कार्वीही इथलीच. अशा जमिनीवर बूट पडला की काय होतं, हे इथल्या माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही.

गाड्या लावणं, तिकीट बघणं, रांग लावणं ही कामं बाकीचे करतात. फोटोतल्या त्या शिट्टीवाल्या मावशी आत, पायवाटेवर उभ्या असतात. आसपासच्या गावांच्या समितीने त्यांना नेमलं आहे.

"दिवसाला तीन हजार मानसं सोडायची, असा नेम हाय. तीन हजार म्हंजे सा हजार पाय, ताई."

तेवढ्यात एक तरुण फोटोसाठी तेरड्यात जाऊन बसला. शिट्टी वाजली. मावशी झपाझप गेल्या, पण ओरडल्या नाहीत.

"दादा, उठा. तुमच्याखाली गेंद हाय."

त्याने उठून खाली पाहिलं. गेंदाची पांढरी बोंडं चिखलात दबली होती. तो ओशाळून निघून गेला. मावशी मात्र वाकून एकेक काडी सरळ करत बसल्या. "उभं ऱ्हात न्हाई ते. पर बघवत न्हाई." एवढं बोलून त्या पुन्हा जागेवर आल्या. सहा हजार पाय, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला अशी मोजकी माणसं.

युनेस्कोने 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात कासही आहे. फुलं राखायला पठाराभोवती जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि गावची गुरं बाहेर राहिली. पुढे गवत माजलं, त्याखाली बुटकी फुलं दबली, असं गावकरी सांगत राहिले. अखेर कुंपण निघालं. माझं मत गावकऱ्यांच्या बाजूने आहे. पिढ्यानपिढ्या गुरं चरत आली तेच हे पठार, आणि फुलंही याच पठारावर टिकली. रस्त्याच्या कडेला ओल्या गवताचा आणि शेणाचा वास आला, तेव्हा मावशींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तो वास मला अजून आठवतो. पठार राखायचं म्हणजे माणसाला हटवायचं, ही समजूत इथे तरी टिकत नाही.

कासला जाणार असाल तर आधी बुकिंग करा आणि शनिवार-रविवार टाळा. तिकीट चुकवून आडवाटेने आत शिरू नका. ते पैसे गावांच्या समितीकडे जातात आणि मावशींची मजुरी त्यातूनच निघते. फुलांचा हंगाम सरला की ती मजुरीही थांबते.