मोटारसायकलवर छोट्या वस्तू ठेवायच्या कुठे?



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवायचात ना?" म्हटलं, शिकवायचो, ३४ वर्षं शिकवलं. पण त्या ३४ वर्षांत कॉलेजला मी मोटारसायकलवरूनच जायचो, हे तुम्ही सगळे विसरलात. (हशा)

तर विषय अगदी साधा आहे. स्कूटरला डिक्की असते. मोटारसायकलला नसते. पाय ठेवायच्या जागी सपाट फळी नाही, सीटखाली खड्डा नाही. मधोमध इंजिन, त्याच्यावर टाकी, टाकीला चिकटून आपले गुडघे. या यंत्राच्या रचनेतच रिकामी जागा फार थोडी. आणि आपल्याबरोबर काय काय असतं? किल्ल्या, पाकीट, मोबाइल, चष्मा, औषधं, कागदपत्रं, पाना-स्क्रू ड्रायव्हर, फडकं, रेनकोट. हे ठेवायचं कुठे?

बहुतेक जण याचं उत्तर कसं देतात? जागा दिसली की वस्तू कोंबतात. मीही तेच करत होतो. मग एक प्रसंग घडला, आणि माझी पद्धत चुकीची आहे हे मला अंगावर शहारे आणून कळलं. तो आधी सांगतो.

निवृत्तीनंतरची गोष्ट. मला मधुमेह आहे. साखर खाली आणणारी गोळी रोज सकाळी असते. त्या दिवशी पुण्याहून पाचगणीला एकटाच निघालो होतो. सकाळी गोळी घेतली, खाणं मात्र जेमतेम झालं. वाटेत खाऊ म्हटलं आणि राहून गेलं. वाई सोडली, पसरणी घाट चढायला लागलो आणि हातांना घाम सुटला. हात थरथरायला लागले. मला लगेच कळलं की साखर उतरली आहे. गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली. घाबरायचं कारण नव्हतं, कारण ग्लुकोजची पुडी गाडीवरच होती. मी शिस्तीचा माणूस!

ती पुडी होती डाव्या साइड पॅनलच्या आत. पॅनलला कुलूप. किल्ली कुलपात घालायची तर हात स्थिर हवा. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी किल्ली हातातून सुटून कडेच्या गवतात पडली. मी खाली बसलो आणि गवत चाचपायला लागलो. काय शोधतोय हेही मधेच विसरायला होत होतं. साखर उतरली की मेंदूचं असंच होतं. तेवढ्यात एक टेम्पोवाला थांबला. म्हणाला, "काका, काय झालं? गोळी-बिळी आहे का काही? कुठंय?" मला सांगता येईना. शब्दच सापडेना. त्याच्याकडे गोड थंड पेयाची अर्धी बाटली होती, ती त्याने मला पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी मी माणसात आलो. मग दोघांनी मिळून किल्ली शोधली, पॅनल उघडलं. पुडी होती जागेवर. फडक्याखाली, पान्यांच्या खाली, कागदांच्या पिशवीखाली.

आता बघा, वस्तू होती. जागा होती. शिस्तही होती. मग चुकलं कुठे?

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्रही शिकवलं आहे. त्यात तार्किक विभाजन नावाचा भाग असतो. त्याचा पहिला नियम असा, की एका वेळी विभाजनाचं तत्त्व एकच असावं. पण ते तत्त्व कोणतं निवडायचं, हे मात्र तुमच्या हेतूवर अवलंबून. माणसांचं विभाजन उंचीवरून करा किंवा व्यवसायावरून, दोन्ही बरोबर; पण शिंप्याला पहिलं उपयोगी आणि जनगणनावाल्याला दुसरं. मी माझ्या वस्तूंचं विभाजन आकारावरून केलं होतं. छोटी वस्तू, छोटी जागा. ग्लुकोजची पुडी आणि प्लगपाना आकाराने सारखे, म्हणून शेजारी. तर्काच्या दृष्टीने निर्दोष, आणि जिवाशी खेळ.

रॉबर्ट पर्सिग यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४ सालचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. पर्सिग काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले होते. १९६८ साली मुलाला मागे बसवून ते मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला मोटारसायकलने गेले. त्या प्रवासावर हे पुस्तक आहे. त्यात बरोबर घ्यायच्या सामानाची यादी आहे. त्यांनी चार गट केले आहेत: कपडे, वैयक्तिक वस्तू, स्वयंपाक आणि मुक्कामाचं सामान, आणि मोटारसायकलचं सामान. यादी फार चांगली आहे. पण हे गट वस्तूंच्या जातीवरून आहेत. काय न्यायचं हे ठरवायला ते उत्तम. कुठे ठेवायचं हे ठरवायला वेगळं तत्त्व लागतं.

ते तत्त्व मी तीन प्रश्नांत मांडतो. पहिला प्रश्न, ही वस्तू लागेल तेव्हा किती वेळात लागेल? दुसरा, तेव्हा ती कोणाच्या हाताने काढली जाईल? माझ्या धडधाकट हाताने, माझ्या थरथरत्या हाताने, की भलत्याच माणसाच्या हाताने? आणि तिसरा, तोपर्यंत त्या जागेत तिचं काय होईल? ऊन, पाणी, हादरे आणि चोर, हे चौघं तिथे येणारच आहेत.

आता हे प्रश्न घेऊन गाडीभोवती एक फेरी मारू.

सुरुवात गाडीपासून नको, स्वतःपासून करू. सर्वांत जवळची जागा म्हणजे आपला खिसा. जे एका मिनिटात लागेल आणि ज्याच्यावर जीव अवलंबून आहे, ते अंगावरच हवं. ग्लुकोज, दम्याचा पंप, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. शर्टाच्या किंवा जाकिटाच्या त्या खिशात, जो डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी उघडता येतो. आणि त्याच खिशात एक चिठ्ठी: नाव, आजार, औषधं, रक्तगट, घरचा फोन. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका. मोबाइलला तुम्ही कुलूप लावलं आहे. कुलूप चोराला अडवतं तसंच मदत करणाऱ्यालाही अडवतं, हे मी पसरणीच्या घाटात शिकलो. मात्र पाना, स्क्रू ड्रायव्हर, किल्ल्यांचा जुडगा छातीच्या खिशात कधीच नको. पडलात तर रस्त्यापेक्षा तोच जास्त लागेल.

पुढे हँडल. इथे छोटी पिशवी बांधता येते. पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. पिशवी क्लचच्या किंवा ब्रेकच्या वायरला ओढते का? हेडलाइट झाकते का? टाकीवर घासते का? जड वस्तू इथे टांगली की हँडल वळवताना ती झोका घेते. म्हणून इथे फक्त हलकं: टोलचे सुटे पैसे, हेल्मेटची काच पुसायचं फडकं.

मग टाकी. आपल्याकडे जुन्या गाड्यांना रेक्झिनचं टाकीचं कव्हर घालायचे, त्याला पुढे खिसा असायचा. माझ्या मते ही फार शहाणी जागा. डोळ्यांसमोर, दोन्ही हातांच्या मधे. गाडी थांबवून न उतरता जे लागतं ते इथे: वाचायचा चष्मा, पत्त्याचा कागद, पाण्याची छोटी बाटली. लोहचुंबकाची पिशवी मिळते, ती फक्त लोखंडी टाकीवर बसते, प्लास्टिकच्या आवरणावर नाही. आणि तिसरा प्रश्न इथे फार महत्त्वाचा. मे महिन्यात उन्हात उभी केलेली टाकी हाताला चटका देते. सुरू केलेलं इन्सुलिनचं पेन साधारणपणे ३० अंशांच्या खाली ठेवायचं असतं. ते टाकीवरही नको, सीटखालीही नको. ते सावलीतल्या पिशवीत, आपल्याबरोबर.

आता साइड पॅनल. बहुतेक साध्या गाड्यांत एका पॅनलमागे बॅटरी असते आणि दुसऱ्यामागे कंपनीने दिलेले पाने. इथे ठेवायचं ते, जे अर्ध्या तासाने मिळालं तरी चालेल आणि जे मी शांतपणे, धडधाकट हाताने काढणार आहे. म्हणजे प्लगपाना, फडकं, टेप, कागदपत्रांच्या झेरॉक्स. मूळ कागद गाडीत ठेवायची गरज आता राहिलेली नाही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य धरावीत, असं केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने २०१८ सालीच राज्यांना कळवलं आहे. दोन खबरदाऱ्या मात्र घ्या. बॅटरीच्या शेजारी उघडं लोखंड नको. पाना दोन टोकांना टेकला की ठिणगी. आणि हवेच्या फिल्टरच्या तोंडाशी फडकं कोंबू नका. इंजिनला श्वास घ्यायचा असतो.

सीटखाली, मागच्या मडगार्डच्या वर, बोटभर उंचीची एक पोकळी बऱ्याच गाड्यांत सापडते. सीट काढून एकदा बघाच. तिथे चपटी वस्तू बसते: घडी केलेला पातळ रेनकोट, ट्यूबलेस टायरच्या पंक्चरच्या पट्ट्या. वायरींवर दाब येऊ देऊ नका.

डाव्या बाजूला साडीगार्ड. तो साडी चाकात जाऊ नये म्हणून असतो, पण आपल्या लोकांनी त्याला दुधाच्या किटलीपासून भाजीच्या पिशवीपर्यंत सगळं अडकवून दाखवलं आहे. इथे पिशवी चांगली बसते. उजव्या बाजूला बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो. तिथे टांगलेली पिशवी वितळते. पिशवीचा बंद लोंबकळून चाकात जात नाही ना, हे बघायचं.

शेवटी मागचा डबा. छोट्या वस्तूंसाठी तो मला फारसा आवडत नाही, कारण त्यात वस्तू हरवतात. ज्याला लावायचा असेल त्याने माप बघावं. मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तो ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच, याहून मोठा चालत नाही. आणि मागच्या माणसाच्या जागेवर डबा बसवला तर मागे माणूस बसवता येत नाही.

एक जागा मुद्दाम मागे ठेवली होती. जुने बुलेटवाले एक युक्ती करायचे. क्लचची जादा वायर पिशवीत ठेवायची नाही. चालू वायरीच्या शेजारीच, तिच्याच वाटेने ओवून बांधून ठेवायची. तुटली तर टोकं काढायची, नवीची जोडायची. गाडीच्या फ्यूजच्या डबीतही जादा फ्यूज तिथेच खोचलेला असतो. म्हणजे ज्या जागी वस्तू लागणार, तीच तिची जागा. इथे शोधायचा प्रश्नच मिटला. माझ्या तीन प्रश्नांचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही, आणि ते कुठल्या पुस्तकात नाही, एका मेकॅनिकने दाखवलं.

हादऱ्यांबद्दल दोन शब्द. इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला ७५. त्यात सुटी ठेवलेली वस्तू घासते, खुळखुळते, गोळ्यांचं पीठ होतं, कागदाच्या घड्या फाटतात. उपाय घरातच आहे. सायकलची जुनी ट्यूब घ्या, वीतभर तुकडा कापा, त्यात पाने घाला, आवाज बंद. त्याच ट्यूबच्या चकत्या कापा, उत्तम रबरबँड होतात. पावसासाठी दुधाच्या धुतलेल्या दोन पिशव्या, एकात एक, तोंडं उलट दिशांना.

मंडळी, मी माझ्या गाडीची मांडणी बदलली ती नवी पिशवी विकत आणून नाही. वस्तू त्याच, गाडी तीच. एक पुडी पॅनलमधून खिशात आली. एवढाच फरक. पण तो करायला मला आधी स्वतःला घाटात गवत चाचपताना बघावं लागलं. तुम्हाला तशी गरज पडू नये. आज घरी गेल्यावर एक गोष्ट करा. गाडीजवळ उभे राहा, डोळे मिटा, आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू एका हाताने काढून बघा. किती वेळ लागला ते मोजा.

एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

*श्रोता: सर, खिशातली पुडी मी शर्ट बदलताना विसरलो तर?*

फार योग्य प्रश्न, आणि विसरणं हे होणारच. म्हणून माझी दुसरी पुडी टाकीच्या कव्हरच्या खिशात असते. त्याला कुलूप नाही. चोरून नेली तर नेऊ दे, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.

*श्रोता: असा माणूस रस्त्यात दिसला तर आपण काय करावं?*

शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर गोड द्या. साधारण तीन चमचे साखर पाण्यातून, किंवा गोड पेय. साखर नसलेलं डाएटचं नको. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. आणि हो, त्याला "औषध कुठंय" असं विचारून थांबू नका. त्याला सांगता येईलच असं नाही. खिसे बघा.

त्या टेम्पोवाल्याचं नाव विचारायचं माझं राहून गेलं. तेवढी एक रुखरुख आहे.