स्क्रेपिंग (यंत्रकाम)

स्क्रेपिंग म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरील उंचवटे हत्याराने खरवडून तो सपाट करण्याची पद्धत होय. लेथ, मिलिंग मशीन यांसारख्या यंत्रांचे एकमेकांवर सरकणारे भाग अचूक जुळवण्यासाठी ती वापरतात. घरगुती कार्यशाळेतील लहान मिलिंग मशीनची स्लाइड एका टोकाला घट्ट व दुसऱ्या टोकाला सैल चालत असल्यास हा दोष स्क्रेपिंगने दूर करता येतो.

कार्यपद्धती

सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लू या रंगाचा अतिशय पातळ थर देऊन यंत्राचा भाग तिच्यावर हलकेच घासतात. उंचवट्यांना रंग लागतो व तेवढेच भाग स्क्रेपरने खरवडले जातात. एका फेरीत केवळ काही मायक्रॉन धातू निघतो, म्हणून ही कृती अनेकदा करावी लागते. पृष्ठभागावर लाटा उमटू नयेत यासाठी प्रत्येक फेरीत खरवडण्याची दिशा बदलतात. 25 मिमी बाजूच्या चौरसात रंग लागलेले बिंदू किती आहेत, यावरून कामाचा दर्जा ठरवतात. बिंदूंमधील उथळ खळग्यांत वंगण टिकून राहते.

संरेखन

केवळ सपाटपणा पुरेसा नसतो. डव्हटेल स्लाइडच्या दोन्ही तिरप्या बाजू परस्परांना समांतर, तर टेबलाचे दोन अक्ष परस्परांशी काटकोनात असावे लागतात. समांतरता तपासण्यासाठी डव्हटेलच्या दोन्ही कोपऱ्यांत समान व्यासाचे रूळ ठेवून त्यांमधील अंतर लांबीभर ठिकठिकाणी मोजतात. सैलपणा नियंत्रित करणारी गिब पट्टी सर्वांत शेवटी जुळवतात.

लॅपिंगशी तुलना

अपघर्षक लेप लावून दोन भाग एकमेकांवर घासणे हा लॅपिंगचा मार्ग सोपा वाटतो. परंतु त्यात घर्षण कोठे होईल यावर नियंत्रण राहत नाही. दोन्ही भाग परस्परांच्या वक्रतेशी जुळतात, सपाट होतातच असे नाही. शिवाय लेपाचे कण ओतीव लोखंडात रुतल्यास पुढेही झीज होत राहते.

इतिहास

इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ (1803–1887) याने 1840 मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनसमोर सपाट धातुपृष्ठांविषयी निबंध वाचला. दळून पृष्ठभाग सपाट करण्याऐवजी त्याने स्क्रेपिंगचा पुरस्कार केला. या पद्धतीत तीन प्लेटा आळीपाळीने एकमेकींशी ताडून पाहतात. दोनच प्लेटा असल्यास एक फुगीर व दुसरी खोलगट असूनही त्या तंतोतंत जुळू शकतात. तिसरी प्लेट दोघींशी ताडल्यावर ही फसगत उघड होते. पीळ ओळखण्यासाठी प्लेट 90 अंशांत फिरवूनही तपासणी करतात. अशा रीतीने आधीचा कोणताही सपाट नमुना हाताशी नसताना सपाट पृष्ठभाग निर्माण करता येतो.