यंत्राचे नावगाव

'साहेब, तुमचं मशीन म्हणतंय, आमच्या म्हशीनं दूधच दिलं नाही!'

पहाटे सहाला फोनवर हे वाक्य ऐकले आणि मी अंथरुणातच ताठ बसलो. आमच्या लहानशा कारखान्यातून आदल्याच दिवशी एका गावच्या दूध संकलन केंद्रावर वजनाचे नवे यंत्र गेले होते. पडदा उजळला होता, घड्याळ बरोबर होते. पण कॅन कितीही भरलेला ठेवा, वजन शून्य! बाहेर रांग वाढत होती. त्या आकड्यांवरच घरोघरचा हिशेब व्हायचा होता.

चूक कोणाची? माझीच. पण ती समजण्यासाठी थोडे मुळापासून सांगायला हवे.

अशा यंत्राच्या पोटात एक छोटा संगणकच असतो. वीज आली की त्यात लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नेल', जागा होतो. त्याची अवस्था सासरी पहिल्या रात्री जाग आलेल्या नववधूसारखी असते. दिव्याचे बटण कुठे, मोरी कुठे, काही ठाऊक नाही! तुम्ही म्हणाल, मग घरच्या संगणकाचे कसे चालते? तिथे बरीचशी उपकरणे विचारताच स्वतःची ओळख देतात. पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक उपकरणात त्याच्या कंपनीचा क्रमांक कोरलेला असतो. इंटेलचा आहे ८०८६. १९७८ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध चिपचे नावही तेच. पण लहान यंत्रांतल्या साध्या तारांना वाचा नसते. तारेच्या टोकाला काटा आहे की दिवा, हे कुणीतरी सांगावेच लागते.

हे सांगणारी पाठराखीण म्हणजे 'बूटलोडर', कर्नेलच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम. आर्म जातीच्या प्रोसेसरांवर पूर्वी ती कर्नेलच्या कानात एकच आकडा सांगे. प्रत्येक नमुन्याच्या बोर्डाला एक क्रमांक. त्यांची नोंदवही इंग्लंडमधील रसेल किंग हे सांभाळीत. रास्पबेरी पायचा क्रमांक होता ३१३८. कर्नेल आपल्या यादीत तो आकडा शोधी. सापडला तर काम सुरू, नाही तर 'हे यंत्र माझ्या ओळखीचे नाही' म्हणून तिथेच थांबे.

पण आकडा म्हणजे नुसते नाव. घराचा नकाशा प्रत्येक बोर्डासाठी कर्नेलच्याच पोटात लिहून ठेवावा लागे. बोर्ड हजारोंनी वाढले, तसे हे लिखाणही फुगत गेले. २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. मग आर्मच्या मंडळींनी एक जुनीच युक्ती उचलली. सन कंपनीच्या आणि ॲपलच्या पॉवरपीसी संगणकांवर ती आधीपासून होती, आणि १९९४ साली तिचे प्रमाणही ठरले होते. तिचे नाव 'डिव्हाइस ट्री'.

ही यंत्राची लेखी पत्रिकाच म्हणा ना! पत्राच्या माथ्यावर आपण 'श्री' लिहितो, तशी हिच्या पहिल्या चार बाइटांत एक ठरीव खूण असते. ती दिसली तरच कर्नेल पुढे वाचतो. मग नावगाव येते, जवळच्या ओळखीपासून दूरच्या ओळखीकडे. उदाहरणार्थ, बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड सांगतो, 'मी बीगलबोन ब्लॅक. तो ठाऊक नसेल तर बीगलबोन समजा. तोही नसेल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम ३३ घराण्यातला समजा.' यांतली जी सर्वांत जवळची ओळख पटेल ती कर्नेल धरतो. खाली कोणती तार कुठे जाते याचे वर्णन असते. कर्नेल एकच, पत्रिका ज्याची त्याची!

आता माझी चूक. आमच्या बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत वजनाच्या चिपची एक तार शेजारच्या खिळीवर गेली होती. 'एवढ्याशा फरकासाठी वेगळी पत्रिका कशाला?' असे मीच म्हणालो होतो. पडदा उजळलेला पाहून मीच बोर्ड पास केला. कर्नेल बिचारा पत्रिकेवर विश्वासून रिकाम्या खिळीला वजन विचारीत राहिला, आणि तिच्या मौनालाच शून्य समजला. अनोळखी यंत्रापुढे तो निदान थांबला असता. चुकीच्या ओळखीवर मात्र तो निःशंकपणे खोटे सांगत बसला.

त्या सकाळी केंद्राच्या सचिवांनी माळ्यावरचा जुना काटा काढून रांग निभावली. दुपारी मी स्वतः नवी पत्रिका घेऊन पोहोचलो. आता आमच्या प्रत्येक बोर्डावर एक चिमुकली स्मृती-चिप असते. तीत बोर्डाचे नाव व आवृत्ती लिहिलेली असते. ती वाचून बूटलोडर योग्य पत्रिका निवडतो. बीगलबोनवरही हीच सोय आहे. आणि ज्ञात वजन ठेवून पाहिल्याशिवाय बोर्ड कारखान्याबाहेर जात नाही.

संध्याकाळच्या पाळीला पहिला कॅन त्याच म्हशीवाल्यांचा आला. पडद्यावर आकडा उमटला. ते जुन्या काट्याकडे बोट दाखवीत म्हणाले, 'यंदा तरी तो माळ्यावर टाकू नका हो!'

तो अजून तिथेच, हाताशी उभा आहे. मीही त्यांना काढायला सांगितले नाही.