एकच रूळ, वेगवेगळी मापं : अंगणातल्या रेल्वेत गाड्यांचा मेळ कसा बसवायचा?

आजचा भाग आहे घराच्या अंगणात छोटी रेल्वे मांडू पाहणाऱ्यांसाठी. एकाच रुळावर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या चालवायच्या का, आणि चालवायच्या तर त्या विजोड दिसू नयेत म्हणून काय करायचं, ते पाहू.

सुरुवात आपल्या इचिकावातूनच करू. मोतोयावाता स्थानकाबाहेर उभे राहा. वरून जेआरची सोबू लाईन जाते, तिच्या रुळांमधलं अंतर १०६७ मिलिमीटर. जमिनीखाली तोएई शिंजुकू लाईन १९८९ साली इथवर आली, तिचं गेज १३७२. पाच मिनिटं चालत गेलात की केइसेई यावाता, तिथे १४३५. म्हणजे एकाच वस्तीत तीन गेज! आजीआजोबांना हे सांगितलं तर त्यांना मिरज आठवेल. मिरज जंक्शनातही एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गाड्या यायच्या.

आता अंगणाकडे वळू. बागेतल्या रेल्वेचा सर्वांत रुळलेला रूळ ४५ मिलिमीटर रुंदीचा. जर्मनीच्या लेमान कंपनीने १९६८ साली एलजीबी नावाने या रुळावरच्या गाड्या बाजारात आणल्या. प्रमाण होतं १:२२.५, कारण त्या प्रमाणात मीटर गेज बरोबर ४५ मिलिमीटरच्या आसपास येतं. पुढे इतरांनीही तोच रूळ घेतला, पण गाड्या १:२०.३, १:२४, १:२९, १:३२ अशा वेगवेगळ्या प्रमाणांत केल्या. खोक्यावर अनेकदा ‘जी स्केल’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून रुळाची रुंदी कळते, गाडीचं प्रमाण कळत नाही. नेमके इथेच पैसे वाया जातात.

हा फरक किती पडतो? सोबू आणि शिंजुकू या दोन्ही लाईनींचे डबे प्रत्यक्षात साधारण २० मीटर लांबीचे. ४५ मिलिमीटरच्या रुळाला काटेकोर धरून ते बनवले, तर सोबूचं प्रमाण येतं सुमारे १:२३.७ आणि डबा होतो ८४ सेंटिमीटरचा. शिंजुकूचं येतं सुमारे १:३०.५ आणि डबा होतो ६६ सेंटिमीटरचा. म्हणजे शेजारी उभे केले तर भावंडं नव्हे, बापलेक वाटतील! माथेरानच्या गाडीचं, म्हणजे ६१० मिलिमीटर गेजचं, प्रमाण तर १:१३.६ वर जातं. तिच्या फलाटावरचा पावणेसहा फुटी माणूस जवळपास १३ सेंटिमीटरचा होईल, आणि शिंजुकूवाला पावणेसहाच.

मग मिसळायचंच नाही का? तसं मुळीच नाही. जपानी घरांत ही मिसळ रोजच चालते. ९ मिलिमीटरच्या एन गेजवर साध्या गाड्या १:१५० प्रमाणात असतात आणि शिनकानसेन १:१६० मध्ये. दोन्ही एकाच टेबलावर धावतात आणि कुणाला खटकत नाही, कारण फरक सहा-सात टक्क्यांचाच आहे. १:२९ आणि १:३२ मधला दहा टक्क्यांचा फरकही बागेत खपून जातो. १:२२.५ आणि १:३२ मध्ये मात्र चाळीस टक्क्यांवर तफावत आहे, ती लपत नाही.

त्यासाठी हे नियम ध्यानात ठेवा.

पहिला नियम : माणूस ठरवा. डोळा रूळ मोजत नाही, तो दार आणि माणूस पाहतो. एका स्थानकावर एकाच उंचीची माणसं ठेवा. १:२२.५ आणि १:२४ साठी सात-साडेसात सेंटिमीटरची बाहुली चालते.

दुसरा : एका गाडीत एकच प्रमाण. इंजिन एका मापाचं आणि डबे दुसऱ्या, असं करू नका. दोन गाड्या वेगळ्या असतील तर त्यांना आलटून पालटून चालवा, शेजारी उभ्या करू नका.

तिसरा : मोठी गाडी जवळ, छोटी लांब. मागच्या कुंपणालगत, झुडपांआड धावणारी १:३२ ची गाडी लहान नाही, दूरची वाटते. छोट्या अंगणाला याने खोलीही येते.

चौथा : पुठ्ठ्याचा नमुना. सर्वांत मोठ्या डब्याची रुंदी, उंची आणि लांबी पुठ्ठ्यात कापा आणि बोगदा, फलाट, वळण यांतून आधी तो सरकवून पाहा. वळणावर लांब डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. एलजीबीच्या सर्वांत छोट्या वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटर आहे. तिथे ८४ सेंटिमीटरच्या डब्याची आशा धरू नका.

पाचवा : कपलिंग आणि चाकं. कपलिंगची उंची आणि घडण कंपनीगणिक बदलते. खऱ्यासारखी पातळ कड असलेली चाकं खेळण्याच्या सांध्यांवर घसरू शकतात. म्हणून सांधा ओलांडून पाहिल्याशिवाय गाडी कायम करू नका.

आणि ज्यांना माथेरानचीच गाडी हवी, त्यांच्यासाठी एक वाट आहे. तिला ४५ च्या रुळावर ओढून ताणून बसवू नका. ३२ मिलिमीटरचा वेगळा रूळ घाला. त्यावर ६१० चं गेज १:१९ प्रमाणात नीट बसतं. इंग्लंडमध्ये बागेतल्या छोट्या लाईनींसाठी हे प्रमाण चांगलंच रुळलेलं आहे. माणूस होतो सुमारे नऊ सेंटिमीटरचा, म्हणजे १:२२.५ च्या बाहुल्यांहून थोडा उंच. १९०७ साली सुरू झालेली नेरळची ती गाडी मातीच्या ढिगाऱ्यावर वळणं घेत चढवा आणि खाली सपाटीवर सोबू धावू द्या. नेरळलाही असंच आहे : खाली मोठी गाडी, तिथून डोंगर चढणारी छोटी. दोन रूळ वेगळे असले की दोन मापं शोभून दिसतात.

तेव्हा मागवण्याआधी विक्रेत्याला दोन आकडे विचारा : रुळाची रुंदी किती आणि गाडीचं प्रमाण किती. दुसरा आकडा मिळाला नाही, तर डब्याच्या दाराची उंची विचारा. तेवढ्यावरून तुमचा माणूस त्या दारातून आत शिरेल की नाही, ते कळेल.

मुलांना इचिकावाची गाडी ओळखीची आहे आणि आजोबांना माथेरानची. दोन्ही एकाच अंगणात धावल्या तर गोष्टी सांगायला दोघांनाही निमित्त मिळेल. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.