परार्ध ओलांडणाऱ्या दिंड्या

तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत नीरा ओलांडते. गावे सहाच, पण हीच सहा नावे मागेपुढे करून ७२० वेगवेगळ्या याद्या होतात. नावे तीच असली तरी क्रम बदलला की गणिताच्या लेखी यादी बदलली. वारकऱ्यालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त अंकपाशाचे, म्हणजे क्रम बदलण्याच्या प्रकारांचे, गणित मांडताना विचारले, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे देता येतील? पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, मग दोन, मग एक, गुणाकार २४. तिथेच दहा हातांचा शंभू घेतला आणि उत्तर एकदम ३६,२८,८०० वर गेले. हात सहाच वाढले होते!

आता दिंड्या घ्या. पालखीच्या रथापुढची असो वा रथामागची, प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली. त्यांतल्या फक्त २० घेतल्या, तर त्यांचे क्रम होतात २४,३२,९०,२०,०८,१७,६६,४०,०००. ‘लीलावती’तली संख्यांची नावे परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी संपतात; हे क्रम चोवीस परार्धांहून जास्त झाले. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. त्याच्या आरंभापासून दर सेकंदाला एक नवा क्रम लावत आलो असतो, तरी आजवर पाचवा हिस्साही संपला नसता. दिंड्या ६० धरल्या, तर दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाजही, एकावर ऐंशी शून्ये, मागे पडतो. आणि सोहळ्यात दिंड्या शेकड्यांनी असतात. एवढ्या शक्यतांतून एकच क्रम दरवर्षी पुण्यातून बारामतीत आणि तिथून इंदापुरात जसाच्या तसा पोहोचतो, याचे मला अपार कौतुक वाटते.

इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीला मात्र गणित थोडे बदलते. तिथे सोहळ्यातले पहिले गोल रिंगण होते, आणि वर्तुळात पहिला कोण, शेवटचा कोण, हे उरत नाही. कोणाच्या डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, एवढेच मोजायचे. म्हणून गोलात उभ्या राहिलेल्या २० पताकाधाऱ्यांचे क्रम विसाव्या हिश्शावर येतात: १,२१,६४,५१,००,४०,८८,३२,०००. तरीही परार्धाच्या वरच.