मालिकेचा ट्रेलर : नववीच्या मुलांनी काय केले आणि काय ओळखले



यंदाच्या स्नेहसंमेलनात नववीच्या विद्यार्थ्यांनी एका काल्पनिक कौटुंबिक मालिकेचा दीड मिनिटाचा ट्रेलर पडद्यावर दाखवला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हशा आणि टाळ्या भरपूर झाल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र आमच्याकडे प्रश्न येऊ लागले. "घरी आम्ही मुलांना मालिकेसमोरून उठवून अभ्यासाला बसवतो, आणि शाळा त्यांना मालिकाच करायला शिकवते?" असे एका पालकांनी स्पष्टच विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जाहिरात लिहिणे, संवाद लिहिणे हे मराठीच्या अभ्यासक्रमात आहेच. त्याला जोडून आम्ही मुलांना एक काम दिले. तुम्ही रोज पाहता त्या मालिकांचे ठरलेले संकेत शोधा, त्यांची यादी करा आणि ते सगळे वापरून एक ट्रेलर तयार करा. यादी झाली अडीच पानांची. चित्रीकरण मोबाईल आडवा धरून एका विद्यार्थ्याच्या जुन्या चौसोपी घरी झाले.

संकेत म्हणजे काय?

प्रत्येक कलाप्रकाराचे काही अलिखित नियम असतात. करणाऱ्याला ते ठाऊक असतात आणि पाहणाऱ्यालाही. कीर्तनात आधी पूर्वरंग आणि मग उत्तररंग येणार, हे श्रोत्याला सांगावे लागत नाही. जत्रेतल्या नाटकाच्या हस्तपत्रकावर 'कौटुंबिक, हृदयस्पर्शी, तीन अंकी' असे तीन शब्द छापले की रुमाल बरोबर घ्यायचा, हे पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या आजींना कळते. यालाच आपण संकेत म्हणू. करणाऱ्याने पाहणाऱ्याला दिलेला तो शब्दच असतो. तुम्ही जे पाहायला आलात तेच मिळेल, असे तो सांगतो.

या बाबतीत आपल्या भागातील मुले मुळीच अनभिज्ञ नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र दशावतार पाहणारी ही मुले आहेत. दशावतारात लिखित संहिता नसते. संवाद नट रंगमंचावरच रचतात. तरीही प्रेक्षक गोंधळत नाही, कारण बाकीचे सगळे ठरलेले असते. आधी गणपती येतो, काळ्या वेषातला संकासुर येतो आणि मग आख्यान सुरू होते. राजा कोण, राक्षस कोण, हे तोंड उघडण्याआधी वेषावरून आणि चालीवरून कळते. मृदंगाचा ठेका बदलला की आता युद्ध, हे झोपेतले पोरही ओळखते. मालिकेचे संकेत मुलांनी इतक्या चटकन यादीत उतरवले, त्याचे श्रेय आम्ही दूरदर्शन संचाइतकेच जत्रेच्या मांडवालाही देतो.

मालिका नावाचा प्रकार

इंग्रजीत या प्रकाराला 'सोप ऑपेरा' म्हणतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारी घरातल्या स्त्रियांसाठी रोजच्या कथा लागत आणि त्यांचा खर्च बऱ्याचदा साबण बनवणाऱ्या कंपन्या करीत. 'सोप' हा शब्द तिथून चिकटला. 'गायडिंग लाइट' नावाची अशी एक कथा १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, पुढे दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ साली संपली. म्हणजे आजीने ऐकलेली कथा नातीने पाहिली. आपल्या देशात १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत, हे आमच्या पिढीला चांगले आठवते. मराठीत १९९९ साली 'आभाळमाया' आली. 'चार दिवस सासूचे' तर २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले.

एवढे भाग का निघतात, ते समजले की मालिकेचे बहुतेक संकेत समजतात. चित्रपटाला शेवट असतो. मालिकेला शेवट परवडत नाही, कारण प्रेक्षक रोज त्याच वेळी परत आला तरच जाहिराती मिळतात. म्हणून चित्रपटाचा ट्रेलर गोष्ट विकतो, तर मालिकेचा ट्रेलर सवय विकतो. वाहिन्या त्याला 'प्रोमो' म्हणतात. आमच्या मुलांनी 'ट्रेलर' हाच शब्द पसंत केला. त्याचीही गंमत आहे. हा शब्द 'मागून येणारा' या अर्थाचा आहे, कारण सुरुवातीच्या काळात या झलकी मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत. आता त्या आधी दाखवतात, नाव मात्र तेच राहिले.

दीड मिनिटात काय काय घडले?

आता मुलांचा ट्रेलर क्रमाने पाहू.

पहिले दृश्य राजांगणातल्या तुळशीचे. एक हात दिवा लावतो. चेहरा दिसत नाही. घर, तुळस आणि दिवा या तीन गोष्टींत 'ही एका घराण्याची गोष्ट आहे' एवढे सांगून झाले. मालिकेत घरच का असते? रोज एक भाग तयार करायचा तर रोज नवी जागा शोधणे शक्य नसते. एकच घर आणि तीच माणसे घेऊन काम भागवावे लागते. त्यामुळे घर हेच जग होते. खर्चाच्या अडचणीतून जन्मलेला नियम पुढे शैली होऊन बसतो, याचे हे चांगले उदाहरण.

दुसरे दृश्य उंबरठ्यावरचे. नवी सून माप ओलांडते. मालिकेत नवे माणूस घरात येते तेव्हा गोष्ट सुरू होते, कारण जुन्या माणसांची गुपिते नव्या माणसालाच नव्याने सांगावी लागतात. त्या निमित्ताने ती प्रेक्षकालाही कळतात.

तिसरे दृश्य सासूच्या चेहऱ्याचे. मोठे कुंकू, जड जरीची साडी, कमरेला चाव्यांचा जुडगा. ती एक शब्दही बोलत नाही आणि तरी सभागृहातून 'आली बघ!' असा आवाज आला. समोर साधी साडी आणि एक वेणी घालून सून उभी. कोण चांगले आणि कोण वाईट याचा निकाल साडीनेच लावला. सासूची भूमिका करणाऱ्या मुलीने तालमीत विचारले होते, "मी अजून काही केलेच नाही, मग मी वाईट कशी?" संकेताची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही तिच्या या एका प्रश्नात आले.

चौथ्या दृश्यात सुनेच्या हातून एक जुने पत्र खाली पडते. त्यानंतर सासू, नवरा आणि सून असे तीन चेहरे लागोपाठ जवळून दिसतात आणि प्रत्येक चेहऱ्यावर मृदंगाची एक थाप पडते. पत्रात काय आहे ते कळत नाही. मालिकेत घटनेपेक्षा घटनेवरची प्रतिक्रिया मोठी असते. पत्र पडायला एक क्षण लागतो, पण सहा माणसांची तोंडे दाखवीत गेले तर अर्धा भाग भरतो. मुलांनी घड्याळ लावून मोजले. ट्रेलरच्या ९० सेकंदांत ३४ सेकंद फक्त चेहरे होते. संगीत कुठून घेतलेले नव्हते. शाळेच्या भजनी वर्गातल्या पेटी-मृदंगावर मुलांनीच ते वाजवले, कारण दुसऱ्याचे संगीत न विचारता वापरू नये, हाही या पाठाचा भाग होता.

शेवटच्या दृश्यात दारावर थाप पडते. हात कडीकडे जातो. पडदा काळा होतो. मग मालिकेचे नाव येते आणि खाली 'सोमवार ते शनिवार, रात्री ८ वाजता'. दार उघडले असते तर प्रेक्षक मोकळा झाला असता. अर्धवट सोडलेली कृती मनात खुपत राहते आणि ती खुपत असतानाच वेळ सांगायची, हीच यातली युक्ती.

बोलीचा प्रश्न

एक दृश्य आम्ही मुद्दाम मागे ठेवले. त्या घरात कामाला येणारी एक बाई आहे. पहिल्या मांडणीत ती मध्येच येई, 'खंय' आणि 'कित्याक' असे बोले, आणि लोक हसत. बाकी सगळे घर अगदी पुस्तकी मराठी बोलत होते. वर्गात हे पाहून झाल्यावर मराठीच्या बाईंनी विचारले, "हे घर कुठले?" मुले म्हणाली, "पेडण्याचे." "मग पेडण्यातल्या कोणत्या घरात सगळे असे बोलतात?" वर्ग गप्प. मग एक मुलगा म्हणाला, "टीव्हीवर मालकीण असेच बोलते." आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "खंय तर आमची आजीही म्हणते."

आमच्या मते सगळ्या उपक्रमाचे मोल त्या पाच मिनिटांत होते. बोली बोलणारा तो नोकर किंवा विदूषक, आणि प्रमाण भाषा बोलणारा तो मालक, हा नियम मुलांच्या अडीच पानी यादीत नव्हता. तरीही त्यांनी तो तंतोतंत पाळला होता. जो संकेत यादीत येतो त्याचे भय नसते. जो न दिसता पाळला जातो, तो आपल्या आजीलाच हसायला लावतो.

चर्चा पुढे गेली तेव्हा लक्षात आले की हा संकेत केवळ टीव्हीचा नाही. दशावतारातही देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात आणि संकासुर बोलीत बोलतो. पण तिथे एक फरक आहे. संकासुराला लोक हसत असले तरी तो स्वतःही सगळ्यांना हसतो आणि समोरच्याला निरुत्तर करतो. बोली तिथे त्याचे हत्यार आहे. संकेत बदलताही येतो, याचे उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. २०१६ साली झी मराठीवर आलेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात झाले. तिच्यातल्या घराण्यात मालवणी ही घरच्याच माणसांची भाषा होती. त्या मालिकेवर अन्य आक्षेप घेतले गेले, पण बोलीमुळे महाराष्ट्रभरचे प्रेक्षक दूर गेले नाहीत.

मुलांनी मग काय केले? मालकिणीची भाषा बदलायची की नाही यावर एकमत झाले नाही, म्हणून ती तशीच राहिली. कामवाल्या बाईचे दृश्य मात्र पुन्हा चित्रित झाले. ते पत्र पडते तेव्हा ती दाराशी उभी असते. सगळे गेल्यावर ती पत्राकडे पाहते आणि सावकाश म्हणते, "माका खबर आसा." विनोद नाही, मृदंग नाही. स्नेहसंमेलनात इतका वेळ हसणारे सभागृह या वाक्याला शांत झाले होते, हे आपणही अनुभवले असेल.

पालकांना आणि विश्वस्तांना

मालिका पाहू नका, असे मुलांना सांगणे सोपे आहे. पण मुले पाहणारच, निदान आपल्या शेजारी बसून पाहतील. तेव्हा एक दिवस त्यांच्याबरोबर बसून हे प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. हे पात्र वाईट आहे हे तुला कधी कळले, त्याने काही केल्यावर की त्याआधीच? आज घटना किती घडल्या आणि चेहरे किती वेळ दिसले? भाग नेमका कुठे तोडला? आणि आपल्यासारखे कोण बोलते, त्याला गोष्टीत कोणते स्थान आहे? मुलांची उत्तरे आपल्याला चकित करतील, अशी आमची खात्री आहे.

विश्वस्त मंडळींना एवढेच सांगावयाचे की या उपक्रमासाठी शाळेला वेगळा खर्च आला नाही आणि अभ्यासाचे तासही बुडाले नाहीत. पुढील वर्षी याच पद्धतीने जत्रेतल्या नाटकाचे हस्तपत्रक आणि वर्तमानपत्रातील जाहिरात हे दोन विषय घेण्याचा आमचा विचार आहे. जुनी हस्तपत्रके ज्यांच्या घरी ट्रंकेत असतील त्यांनी ती शाळेत पाहायला द्यावीत. ती काळजीपूर्वक परत केली जातील.